माझा पासपोर्ट आणि गावभरची चौकशी

पासपोर्ट केवढासा, हातात मावेल एवढा. पण त्याच्यापायी जे जे झालं ते सांगायला बसलं तर एक दुपार पुरत नाही! आमच्या बचत गटातल्या बाया पापड लाटायला बसल्या की कोणी तरी सुरू करतेच, "वनिता, ते पोलिसवालं सांग ना वो." ते संपत नाही तर दुसरी म्हणते, "अन् तांदळाचं? ते तं राह्यलंच." सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना हसायचं त्यांनी हसा. तेव्हा मात्र मला एक दिवस हसू आलं नव्हतं.

आधी मूळ भानगड सांगते. तनूचे बाबा मस्कतला वेल्डर आहेत. घुग्घुसला काम शिकले, मग तिकडे गेले. गेले तेव्हा तनू दोन वर्षांची होती, आता सहाची. मधे एकदाही येणं झालं नाही. तनूसाठी बाप म्हणजे मोबाईलमधला माणूस. डोक्यावर हेल्मेट, नाकाखाली जाड मिशी, आणि मागं कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे. शाळेत बाईंनी विचारलं, "बाबा कुठं असतात?" तर ही म्हणाली, "आईच्या फोनात!"

यंदा फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. खोलीतला साथीदार मे महिन्यात सुट्टीवर चालला, महिनाभर खोली रिकामी. "तुम्ही दोघी या. हा महिना हुकला तं पुढचे दोन वर्षं काई जमत नाई." मी पेटी उघडली. लग्न झालं तेव्हा हौसेनं दोघांचे पासपोर्ट काढले होते. माझा दहा वर्षं साड्यांच्या खाली तसाच. एक शिक्का नाही, कोरा करकरीत. मी म्हटलं, चला, आपली तयारी तर आहेच!

*

आमच्या गावात ऑनलाइनची सगळी कामं रमेशभाऊ करतात. गाव आलापल्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून. इंटरनेटची धड रेंज येते ती फक्त रमेशभाऊंच्या दुकानात, तीही त्यांच्या मर्जीनं. एका बोटानं टाइप करतात, पण आख्खा तालुका त्या एका बोटावर चालतो.

त्यांनी माझा पासपोर्ट उघडला, बंद केला, परत उघडला.

"वहिनी, याची मुदत चार महिन्यांत संपून राह्यली."

"पण मी तं मेमध्येच जाणार ना जी. तवापर्यंत चालते."

"नाई चालत. निघाच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात. अन् पत्ता तुमच्या माहेरचा आहे, धानोऱ्याकडचा. तोही बदला लागते."

दहा वर्षं एका दिवसाचाही उपयोग नाही, आणि लागला तेव्हा म्हातारा झाला! रमेशभाऊंनी फॉर्म भरायला घेतला.

"शिक्षण?"

"सातवी," मी हळूच म्हटलं. मागं दहा जण उभे. "चालते ना जी?"

रमेशभाऊ मान वर न करता म्हणाले, "वहिनी, नवऱ्याले चालली. सरकारले काऊन नाई चालणार?"

*

उन्हाळा म्हटला की सगळ्यांनाच पासपोर्ट पाहिजे. तारखा संपलेल्या. रमेशभाऊ रोज बघायचे, रोज लाल अक्षरं. पंधरा दिवसांनी एक तारीख मिळाली, शहरातल्या ऑफिसची, माझी आणि तनूची एकदमच. तनूचा पासपोर्ट नवाच काढायचा होता.

मला वाटलं, फोटो तर चांगला पाहिजे. आलापल्लीच्या स्टुडिओत गेले. फोटोवाला लग्नाचे अल्बम करणारा. म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त बसा, बाकी माझ्यावर सोडा." मी सोडलं. फोटो हातात आला तर त्यातली बाई दुधासारखी गोरी, गालावरचा कांजिण्यांचा डाग गायब, आणि भुवया अशा की मी जन्मात कोरल्या नाहीत. वर म्हणतो, "गोरेपणाचे पैसे नाई घेतले बरं का!"

हौसेनं तो फोटो मस्कतला पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "छान आहे. ही कोण आहे? अन् तू कवा येऊन राह्यली?"

*

ऑफिसात गेल्यावर कळलं, फोटो लागतच नाही, तेच काढतात! काढला. त्यात मी जशी आहे तशी. मग बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवलं, लाल दिवा. पुसून ठेवलं, लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट. रोवणी, कापणी, चूल, भांडी... बोटांवर रेषा राहिल्यात कुठं!

काउंटरवरच्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

मी हात पदराला पुसले. म्हटलं, "जे समोर येईल ते."

मॅडम म्हणाल्या, बोटं जरा ओलसर करून बघा. मागं रांगेत एक आजी होत्या, नातवाकडे परदेशात चाललेल्या. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. मी नको नको म्हणते तोवर माझा हात धरून दहाच्या दहा बोटं तिथंच चोळायला सुरुवात! सगळी रांग बघतेय. मॅडमही बघतायत. मी मेल्याहून मेले. पुसून परत बोट ठेवलं, हिरवा दिवा!

आजी मॅडमला म्हणाल्या, "पोरीची मालिश राह्यली होती फक्त. बाकी तब्येत चांगली आहे."

*

झालं काय, तनूचा पासपोर्ट तीन आठवड्यांत घरपोच आला. माझा नाही. माझी पोलीस चौकशी व्हायची होती. पोट्टी तो पासपोर्ट घेऊन गल्लीभर हिंडली. वर मला म्हणते, "आई, तू राह्य आजीजवळ. मी जाऊन येते बाबाकडं. येताना तुले काय आणू?"

हसावं की रडावं! तिच्या हातातून तो काढून घेतला आणि विचार केला, कुठं ठेवू? पेटीत उंदीर. कपाटाला कडी नाही. तनूच्या हाताला लागला तर शाळेत नेणार. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या पिंपात खोल खुपसला. तिथं कोण हात घालतं?

चार दिवसांनी शेजारच्या कांताबाईच्या मुलीचं लग्न. आमच्याकडे रीत आहे, गावात लग्न असलं की घरटी पायलीभर तांदूळ लग्नघरी द्यायचा. मी पाण्याला गेलेली. सासूबाईंनी आपल्या हातानं तांदूळ मोजून पाठवून दिला.

संध्याकाळी पिंपात हात घालते तर पिशवी नाही! कोपरापर्यंत हात घातला, खांद्यापर्यंत घातला, मग आख्खं पिंप अंगणात उलटं केलं. पासपोर्ट नाही! सासूबाईंना काय सांगू? मस्कतला काय सांगू? मी तिथंच तांदळाच्या ढिगाजवळ बसून रडायला लागले.

तेवढ्यात लग्नघरचे आचारी मारोतीभाऊ फाटकाशी आले. अंगावर नुसतं बनियान, हात कोपरापर्यंत हळदीचे, आणि दोन बोटांत आमची पिशवी धरलेली.

म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं झाले तांदूळ निवडून राह्यलो. असा सरकारी खडा पहिल्यांदा भेटला!"

*

आता ते पोलिसवालं.

एप्रिलचा महिना, म्हणजे मोहाचा हंगाम. पहाटे अंधारात बाया जंगलात जातात, फुलं वेचून आणतात, आणि घरोघरच्या अंगणात मोह वाळत पडलेला असतो. मोहाची दारू होते, आणि आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. मोह वेचणं हा काही गुन्हा नाही, पण अंगणात मोह आणि फाटकात खाकी असं जुळलं की गावाची छाती धडधडते. म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण एकच. खाकी कपड्यानं नाव घेऊन कोणाची चौकशी केली, तर आपल्याला काही माहीत नाही!

त्या दिवशी मी नेमकी रमेशभाऊंच्या दुकानात, माझ्या पासपोर्टचं काय झालं ते बघायला. आणि इकडे गावात मोटरसायकलवर हवालदार साहेब. त्यांनी वेशीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "वनिता नावाची बाई कुठं राहते?"

"कोण वनिता?"

पुढं पानठेल्यावर विचारलं. पानठेलेवाला माझा मानलेला भाऊ, दर राखीला येतो. तो म्हणाला, "साहेब, मी इथी नवीन आहो." त्याच्या आज्याचा जन्म इथला!

कांताबाईला विचारलं. जिच्या पोरीच्या लग्नात मी तीन दिवस भांडी घासली, ती कांताबाई! ती म्हणाली, "या नावाची बाई मी तं आजच ऐकून राह्यली."

शेवटी पत्त्यावरून हवालदार आमच्याच अंगणात आले. सासूबाई मोहाच्या फुलांजवळ काठी घेऊन कोंबड्या राखत बसलेल्या.

"बाई, वनिता इथंच राहते का?"

सासूबाईंनी आधी खाकीकडे पाहिलं, मग मोहाकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "अशी कोणी बाई आमच्या घरी नाई. कधी नव्हतीच."

हवालदार कागदावर काहीतरी लिहून निघून गेले. मी घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या, चेहरा असा फुललेला जसं काही लढाई जिंकून आल्या.

"ये पोरी, ये! पोलीस आला होता तुले शोधाले. आख्ख्या गावानं तुले वाचवलं!"

*

म्हणजे पोलिसांच्या कागदावर मी गावात राहतच नव्हते! दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशभाऊ म्हणाले, "वहिनी, आता एकच. स्वतः ठाण्यात जा, अन् ज्यांनी तुम्हाले ओळखलं नाई त्या साऱ्यांना घेऊन जा."

गाडी केली. पुढं सासूबाई, मागं कांताबाई, पानठेलेवाला, वेशीवरचा म्हातारा आणि मी. रेशन कार्ड, मतदान कार्ड, लग्नाचा अल्बम, सगळं घेतलं. तनूलाही घेतलं, पुरावा म्हणून!

हवालदार साहेबांनी एकेकाचं तोंड पाहिलं. पानठेलेवाल्याला म्हणाले, "काय रे, तू तर नवीन होतास ना गावात?"

तो खाली मान घालून म्हणाला, "काल नवीन होतो साहेब. आज जुना झालो."

कांताबाई म्हणाली, "साहेब, तुम्ही पहिलेच सांगाचं ना, चांगल्या कामाले आलो म्हणून! आम्हाले काय माहीत, पोलीस चांगल्या कामालेही येते!"

मी डोळे मिटून घेतले. गेला पासपोर्ट, म्हटलं. पण हवालदार साहेबांना हसू आवरेना. त्यांनी नवीन कागद काढला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, वेशीवरच्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. शेवटी सासूबाईंची पाळी आली. साहेबांनी जरा दरडावून विचारलं, "बाई, आता नक्की सांगा. या सुनेला ओळखता का?"

सासूबाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"दहा वर्षं झाले साहेब. अजून ओळखूनच राह्यली!"

*

मग वाट बघणं. एप्रिल संपला. मे लागला. तिकडे साथीदार सुट्टीवर गेला, खोली रिकामी झाली, आणि माझा पासपोर्ट कुठं अडकला कोणालाच माहीत नाही. एकेक दिवस म्हणजे आमच्या महिन्यातला एकेक दिवस कमी. मी सकाळी एकदा, दुपारी एकदा रमेशभाऊंच्या दुकानात. ते लांबूनच मान हलवायचे.

एक दिवस मी म्हटलं, "भाऊ, निदान काय लिहून येते ते तं सांगा."

"लिहून येते अंडर रिव्ह्यू."

"म्हंजे काय?"

"म्हंजे पाहून राह्यले."

"दीड महिना? बाप्पा, मले पाहाले आले होते तवा तनूच्या बाबानं चहा संपाच्या आत होकार देला होता!"

रमेशभाऊ म्हणाले, "म्हणून तं वहिनी, सरकार घाई नाई करत."

*

पासपोर्ट आला तेव्हा मे महिन्याचे अकराच दिवस उरले होते. पोस्टमन भाऊंच्या कागदावर सही केली आणि तशीच रमेशभाऊंच्या दुकानात पळाले. व्हिसा, तिकीट, सगळं तनूच्या बाबांनी तिकडूनच धावपळ करून चार दिवसांत केलं. म्हणजे आमच्या महिन्याचा आठवडा झाला! पण मी म्हटलं, आठवडा तर आठवडा.

बॅग भरायला सासूबाई बसल्या. सुकी मासळी, आंब्याचं लोणचं, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. मी एक वस्तू काढली की त्या दोन भरायच्या. तनूच्या बाबांचा फोन आला तेव्हा सासूबाईंनीच घेतला. दुपारची वेळ. आमच्या अंगणात तेव्हा कुत्रंसुद्धा पाय ठेवत नव्हतं. कौलांखाली आम्ही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलो.

"आई, त्या दोघींना म्हण सुती कपडे आणा. इथी लय ऊन आहे."

"आमच्यापेक्षा जास्त?"



"नाई आई. तुमच्याएवढं नाई."

सासूबाईंनी फोन ठेवला, आत गेल्या, आणि तनूचा स्वेटर आणून बॅगेत सगळ्यात वर घातला.

*

विमानाचं मी काही सांगत नाही. सगळी वाट मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते आणि तनू शेजारच्यांची बिस्किटं खात होती, एवढंच.

उतरल्यावर शिक्के मारून बाहेर आलो तर हे मोठं दालन, माणसंच माणसं. माझा फोन चालेना. एका चांगल्या बाईनं तिथलं फुकटचं वायफाय जोडून दिलं. माझ्या खांद्यावर पर्स, एका हातात दोन्ही पासपोर्ट, घट्ट धरलेले. तनूच्या हातात फोन दिला आणि बजावलं, "बाबाले फोन लाव. अन् या बॅगेवर नजर ठेव. कोणाले हात लावू देऊ नको, ऐकलं ना?"

आणि समोरून ते आले. मी ओळखलं, पण तनूला सांगायचं सोडून नुसती बघतच राहिले. नवा इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि चार वर्षांनी बायको येतेय म्हणून त्या शहाण्या माणसानं सकाळी मिशी काढून टाकलेली! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तनूकडे पाहिलं आणि खाली वाकून सरळ आमची बॅग उचलली.

त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी एका हातानं कानाला लावला.

तनू माझ्या बाजूला उभी राहून जीव खाऊन फोनात ओरडत होती, "बाबा, लवकर या! कुठी आहा? एक माणूस आपली बॅग घेऊन चालला!"

ते दोन पावलांवर उभे होते. फोनातच म्हणाले, "पकड त्याले, बेटा. सोडू नको."